विमस्क्रिप्टचे मदतलेखन

विम या मजकूर-संपादकाची स्वतःची लिपीभाषा (स्क्रिप्टिंग लँग्वेज) म्हणजे विमस्क्रिप्ट. ब्रॅम मोलेनार यांनी १९९१ मध्ये अमिगा संगणकासाठी विम खुला केला; लिपीभाषा १९९८ च्या ५.० आवृत्तीत आली. तिचे सगळे स्पष्टीकरण विमसोबतच येणाऱ्या साध्या मजकूर-फायलींत असते आणि भाषा बदलली की त्याही बदलाव्या लागतात.

विषयाची माहिती जिथे आहे तिथे त्याचे नाव दोन तारकांमध्ये लिहितात. इतरत्र त्याच नावाभोवती दोन उभ्या रेघा घातल्या की दुवा होतो. ‘हेल्पटॅग्ज’ ही आज्ञा तारकांतील नावे गोळा करून सूची बनवते आणि एकच नाव दोनदा आले तर त्रुटी दाखवते.

नवे फंक्शन, म्हणजे नाव घेऊन वापरता येणारी तयार आज्ञावली, एका जागी नोंदवून भागत नाही. अंगभूत फंक्शनांच्या फायलीत तक्त्यातली एक ओळ, पुढे सविस्तर वर्णन, शिवाय वापरपुस्तिकेच्या ४१ व्या प्रकरणातली कामानुसार लावलेली यादी. ही तिसरी नोंद किरकोळ वाटते, पण तीच सर्वांत मोलाची. नवख्याला फंक्शनचे नाव ठाऊक नसते, आपले काम ठाऊक असते.

खरी कसोटी लागली ती जून २०२२ च्या ९.० आवृत्तीत. तिच्यातल्या विम९ स्क्रिप्ट या भाषेच्या नव्या रूपात ‘डेफ’ने सुरू होणारी फंक्शने आधी संकलित (कंपाइल) होतात, म्हणजे चालवायला सोप्या सूचनांत बदलतात, म्हणून कितीतरी वेगाने चालतात. मात्र जुन्या स्क्रिप्टही चालू राहायला हव्या होत्या, त्यामुळे जुने वर्णन पुसता आले नाही. नव्या नियमांना वेगळी फाइल मिळाली, ४१ वे प्रकरण नव्या भाषेत लिहिले गेले. आता प्रत्येक उदाहरण कोणत्या भाषेचे, हे सांगणे भागच आहे: दुहेरी अवतरणचिन्हाने जुन्या भाषेत टीप सुरू होते, नव्यात त्यासाठी ‘#’ लागते. जुन्या भाषेत ‘इग्नोअरकेस’ हा पर्याय चालू असेल तर शब्दांची तुलना लहान-मोठी अक्षरे सारखीच मानते. नव्या भाषेत या पर्यायाचा तुलनेवर काहीच परिणाम होत नाही. असा फरक लिहायचा राहिला, तर वाचकाचा कोड कुठलीही त्रुटी न दाखवता चुकीचे उत्तर देतो.

मोलेनार ३ ऑगस्ट २०२३ रोजी वारले. त्यांच्या स्मृतीला अर्पण केलेली ९.१ आवृत्ती २ जानेवारी २०२४ रोजी आली. तिच्यातील वर्ग (क्लास) आणि वस्तू (ऑब्जेक्ट) या भाषेतल्या सोयींसाठी आणखी एक स्वतंत्र फाइल आहे.

प्रत्येक मदत-फायलीच्या पहिल्या ओळीत शेवटच्या बदलाची तारीख असते. जपानी अनुवादासारखी कामे चालवणाऱ्यांना मूळ पान पुढे गेल्याचे तिथेच कळते.