मात्सुतोया, युमी

मात्सुतोया, युमी : (१९ जानेवारी १९५४). जपानी गीतकार, संगीतकार व गायिका. माहेरचे नाव युमी आराई. जपानमध्ये लहानथोर सारे त्यांना ‘युमिन’ म्हणतात. स्वतः लिहायचे, स्वतः चाल बांधायची आणि स्वतःच गायचे, ही रीत जपानी लोकप्रिय संगीतात रुजवणाऱ्यांमध्ये त्यांचे स्थान फार वरचे आहे. त्यांच्या गाण्यात सगळ्यात आधी जाणवते ती नजर. प्रेम, विरह, वय सरणे हे विषय जगभरच्या गाण्यांत असतात. युमिन मात्र त्यांना नेमकी जागा, नेमका ऋतू आणि हाताला लागेल अशी एखादी वस्तू देतात.

टोकियो महानगराच्या पश्चिम भागात हाचिओजी हे शहर आहे. तुतीचे मळे, रेशीम आणि विणकाम यांवर ते वाढले. एकोणिसाव्या शतकात या भागातले रेशीम डोंगरवाटेने योकोहामा बंदरात जाई आणि तिथून परदेशी. याच शहरात १९१२ साली सुरू झालेले ‘आराई गोफुकुतेन’ हे किमोनोच्या कापडाचे दुकान युमी यांच्या घरचे. कापडाचे पोत, रंगांच्या छटा, ऋतूप्रमाणे बदलणारी नक्षी हे सारे त्यांच्या रोजच्या पाहण्यातले होते. सहाव्या वर्षी पियानो आणि अकराव्या वर्षी शामिसेन या तीनतारी वाद्याचे शिक्षण सुरू झाले. जवळच ताचिकावा येथे अमेरिकन हवाई दलाचा तळ होता. तिथल्या दुकानात पाश्चात्त्य गाण्यांच्या ताज्या तबकड्या मिळत, त्या मिळवून ऐकण्याचा त्यांना नाद लागला.

शिक्षण रिक्क्यो जोगाकुइन या मिशनरी मुलींच्या शाळेत झाले. शाळेच्या चॅपलमधला पाइप ऑर्गन आणि त्यावरचे जर्मन संगीतकार बाख यांचे संगीत त्यांच्या कानात बसले. त्याच सुमारास, १९६७ मध्ये, प्रोकॉल हॅरम या इंग्लिश बँडचे ‘अ व्हायटर शेड ऑफ पेल’ आले. बाखच्या वळणाचा ऑर्गन आणि रॉक एकाच गाण्यात नांदू शकतात हे त्यांना या गाण्याने दाखवले. त्यांच्या सुरुवातीच्या चालींत स्वरसंगती ज्या अनपेक्षित ठिकाणी वळते, त्याचे मूळ इथे सापडते. पुढे तामा कला विद्यापीठात त्यांनी ‘निहोंगा’ म्हणजे पारंपरिक जपानी चित्रकला शिकली. या शिक्षणाचा चरित्रात सहसा एका ओळीत उल्लेख होतो, पण त्यांची गाणी समजून घ्यायला त्याचा उपयोग संगीतशिक्षणाइतकाच होतो.

शाळकरी वयातच युमी टोकियोतील ईकुरा भागातल्या ‘कियांती’ या इटालियन रेस्टॉरंटमध्ये जाऊ लागल्या. लेखक, नट, संगीतकार, फॅशनच्या जगातली माणसे यांचा हा अड्डा होता. त्या वर्तुळातून त्यांची गाणी योग्य कानांपर्यंत पोचली. १९७१ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, त्यांनी केलेली चाल गायक कात्सुमी काहाशी यांनी ध्वनिमुद्रित केली. संगीतकार आणि अल्फा या कंपनीचे संस्थापक कुनिहिको मुराई यांनी त्यांना करारबद्ध केले ते संगीतकार म्हणून. आपण गायिका व्हावे अशी युमी यांची इच्छा नव्हती. गाण्याचा आग्रह मुराई यांचा.

५ जुलै १९७२ रोजी ‘हेन्जी वा इरानाइ’ (उत्तर नको) ही पहिली तबकडी आली. तिच्या सुमारे ३०० प्रती खपल्या. त्या काळी जपानी लोकप्रिय गाण्याचा कारखाना ठरलेल्या पद्धतीने चाले : गीतकार एक, चाल दुसऱ्याची, वाद्यमेळ तिसऱ्याचा, आणि गायक कंपनी ठरवील तो. दुसऱ्या बाजूला गिटार घेऊन गाणारे फोक गायक होते. त्यांच्या गाण्यांत भाड्याच्या साडेचार ताताम्यांच्या, म्हणजे जेमतेम साडेचार चटया मावतील एवढ्या, खोल्या, गरिबीतला संसार, विद्यार्थी चळवळ ओसरल्यानंतरची खिन्नता असे. युमी आराई या दोन्हींत बसत नव्हत्या. त्यांच्या गाण्यात मोटार होती, समुद्रकिनारा होता, सुखवस्तू घरातल्या मुलीचे एकटेपण होते. या नव्या धाटणीच्या संगीताला पुढे ‘न्यू म्युझिक’ हे नाव पडले.

पहिला संग्रह ‘हिकोकीगुमो’ २० नोव्हेंबर १९७३ रोजी निघाला. त्याला साथ होती ‘कॅरॅमल मामा’ या चमूची : हारुओमी होसोनो बास, शिगेरु सुझुकी गिटार, तात्सुओ हायाशी ड्रम्स आणि मासाताका मात्सुतोया कीबोर्ड. ध्वनिमुद्रण वर्षभराहून अधिक काळ रेंगाळले, आणि त्याला मोठे कारण युमी यांचा आवाज होता. गाताना त्यांच्या स्वरात बारीक, भरभर थरथरणारा कंप येई. दिग्दर्शक त्सुनेओ आरिगा यांना तो अजिबात नको होता. स्वर सरळ, न हलता लागेपर्यंत त्यांनी पुन्हा पुन्हा गाऊन घेतले. त्यातून जो कोरा, थोडा सपाट, भावनेचे प्रदर्शन न करणारा आवाज घडला, तीच युमिन यांची ओळख झाली. त्यांच्या आवाजाची पट्टी मर्यादित आहे आणि तयारीच्या गळ्याची अपेक्षा ठेवणाऱ्याची निराशा होईल. परंतु ज्या गाण्यांत श्रोत्याने स्वतःची आठवण भरायची असते, त्यांना असाच आवाज हवा. फार नटलेला गळा तिथे आड आला असता.

‘हिकोकीगुमो’ म्हणजे विमानामागे आभाळात उरणारी पांढरी रेघ. शीर्षकगीतामागे प्राथमिक शाळेतल्या, स्नायूंच्या आजाराने लहान वयात गेलेल्या एका सोबत्याची आठवण आहे. गाण्यात आक्रोश नाही. कोणालाही न विचारता एकटेच आभाळात चढून गेलेले ते मूल सुखी होते, इतरांना ते कळणार नाही, एवढेच गाणे सांगते. विशीही न ओलांडलेल्या मुलीने मृत्यूविषयी असे लिहावे याचे आजही आश्चर्य वाटते. ॲनिमेशनपटांचे दिग्दर्शक हायाओ मियाझाकी यांनी २०१३ मध्ये ‘काझे ताचिनु’ या विमानरचनाकाराच्या आयुष्यावरील ॲनिमेशनपटासाठी हेच गाणे निवडले. चाळीस वर्षांपूर्वीचे मूळ ध्वनिमुद्रण त्यात आहे तसे वापरले आहे.

दुसऱ्या ‘मिसलिम’ (१९७४) या संग्रहात त्यांची चित्रकाराची नजर पूर्ण उघडते. ‘उमि ओ मिते इता गोगो’ (समुद्र बघत होते ती दुपार) या गाण्यात योकोहामाच्या टेकडीवरचे ‘डॉल्फिन’ हे रेस्टॉरंट आहे. नायिका एकटी खिडकीशी बसली आहे. समोरच्या सोडा वॉटरच्या पेल्यातून, बुडबुड्यांमधून, दूरचे मालवाहू जहाज सरकत जाते. कागदी रुमालावर शाई पसरते, म्हणून ‘विसरू नकोस’ एवढेच कसेबसे लिहून होते. प्रियकर का गेला, काय बोलणे झाले, काही सांगितलेले नाही. पेला, जहाज आणि पसरणारी शाई यांतून श्रोत्याला सगळे कळते. हे रेस्टॉरंट खरोखरचे आहे आणि अजूनही लोक तिथे जाऊन सोडा मागवतात.

याच संग्रहातल्या ‘हितोमि ओ तोजिते’ (डोळे मिटून) या गाण्याची हकिगत वेगळी आहे. नागासाकी जिल्ह्यातील गोतो द्वीपसमूहात नारू नावाचे बेट आहे. तिथले उच्च माध्यमिक विद्यालय तेव्हा दुसऱ्या शाळेची शाखा होते आणि त्याला स्वतःचे शालेय गीत नव्हते. एका विद्यार्थिनीने रात्रीच्या रेडिओ कार्यक्रमाला पत्र लिहून आमच्यासाठी गीत करून द्या अशी विनंती केली. युमी यांनी गाणे करून दिले : वारा थांबल्यावर जहाजातून लांब जायचे, आणि दूर गेलेल्या मित्रासाठी काचेच्या बाटलीत चिठ्ठी घालून समुद्रात सोडायची. शिक्षणासाठी, नोकरीसाठी बेट सोडून जाणे जिथे प्रत्येक तरुणाच्या वाट्याला येते, तिथल्या मुलांना हे गाणे आपले वाटले नसते तरच नवल. अधिकृत शालेय गीत म्हणून नाही, तरी शाळेने ते आपले आवडते गीत म्हणून स्वीकारले. १९८८ मध्ये शाळेच्या आवारात युमिन यांच्या हस्ताक्षरातील ओळी कोरलेली शिळा उभारण्यात आली.

मोठे व्यावसायिक यश १९७५ मध्ये आले. दूरचित्रवाणी मालिकेचे शीर्षकगीत असलेले ‘आनो हि नि काएरिताइ’ (त्या दिवसाकडे परत जावेसे वाटते) ओरिकॉन या विक्रीच्या क्रमवारीत पहिले आले. त्याच वर्षी ‘बानबान’ या गटासाठी त्यांनी लिहिलेले व स्वरबद्ध केलेले गाणेही पहिल्या क्रमांकावर होते. १९७६ च्या ‘जूयोनबानमे नो त्सुकि’ (चौदावा चंद्र) या संग्रहातले ‘चुओ फ्रीवे’ म्हणजे टोकियोहून हाचिओजीकडे जाणाऱ्या द्रुतगती मार्गाचे गाणे. उजवीकडे फुचूचे घोड्यांच्या शर्यतीचे मैदान, डावीकडे बिअरचा कारखाना, आणि संध्याकाळच्या आभाळात धावपट्टीसारखा शिरणारा रस्ता. मासाताका मात्सुतोया त्यांना गाडीने घरी सोडत, त्या फेऱ्यांतून हे गाणे आले. २९ नोव्हेंबर १९७६ रोजी योकोहामा येथील चर्चमध्ये दोघांचा विवाह झाला. लग्नानंतर गाणे थांबवावे असा युमी यांचा विचार होता, पण तो टिकला नाही. १९७८ च्या ‘बेनिसुझुमे’ या संग्रहापासून त्या युमी मात्सुतोया या नावाने गाऊ लागल्या. संगीत संयोजन व निर्मिती बहुतेक सर्व संग्रहांत पतीचीच आहे.

लग्नानंतरची पहिली काही वर्षे विक्रीच्या दृष्टीने बेताचीच होती. या काळात वर्षाला दोन-दोन संग्रह काढून त्यांनी लिहिण्याचा हात चालू ठेवला. १९८१ मध्ये ‘मामोत्ते आगेताइ’ (तुला सांभाळावेसे वाटते) हे चित्रपटगीत गाजले आणि चित्र पालटले. त्या वर्षीच्या ‘साकुबान ओआइशिमाशो’पासून १९९७ च्या ‘काउगर्ल ड्रीमिन्’पर्यंत सलग १७ संग्रह ओरिकॉनवर पहिल्या क्रमांकावर गेले. १९९० च्या ‘तेंगोकु नो डोअर’ (स्वर्गाचे दार) या संग्रहाची विक्री २० लाखांवर गेली. वर्षअखेर जवळ आली की युमिनचा नवा संग्रह, हे जपानच्या आर्थिक भरभराटीच्या वर्षांत समीकरणच होते. १९८० च्या ‘सर्फ अँड स्नो’मधले ‘कोइबितो गा सांताक्लॉज’ (प्रियकर सांताक्लॉज आहे) १९८७ च्या एका स्कीइंगवरील चित्रपटात वापरले गेले आणि नाताळची रात्र प्रेमिकांची, ही त्या पिढीची कल्पना त्याने आणखी पक्की केली. नाएबा येथील बर्फाच्या डोंगरातल्या हॉटेलात १९८१ पासून हिवाळ्यात होणारे त्यांचे कार्यक्रमही याच वातावरणातले. त्या समृद्धीच्या, थोड्या दिखाऊ काळाचे पार्श्वसंगीत एवढीच युमिन यांची ओळख सांगण्याची प्रथा आहे, ती मात्र अन्यायाची वाटते. १९८४ चे ‘नो साइड’ (रग्बीत सामना संपल्याची घोषणा) ऐकावे. ते शालेय रग्बीच्या अंतिम सामन्यात शेवटच्या क्षणी हुकलेल्या किकवरून सुचले. हरलेल्या मुलाला मैदानात एकटे उभे असलेले पाहणाऱ्या कोणाचे तरी ते गाणे आहे. जुन्या राष्ट्रीय स्टेडियमची पाडापाडी होण्यापूर्वी, १ डिसेंबर २०१३ रोजी, वासेदा व मेइजी विद्यापीठांच्या रग्बी सामन्यानंतर त्यांनी ते तिथे गायले.

दुसऱ्यांसाठी केलेल्या चालींत गायिका सेइको मात्सुदा यांची गाणी आघाडीवर आहेत. गीतकार ताकाशी मात्सुमोतो यांच्या शब्दांना त्यांनी ‘करुहो कुरेता’ या टोपणनावाने चाली दिल्या. आपल्या नावामुळे नव्हे, तर चालीमुळे गाणे चालावे ही त्यामागची भूमिका. टोपणनाव अभिनेत्री ग्रेटा गार्बो यांच्या नावावरून घेतलेले. १९८२ चे ‘आकाइ स्वीटपी’ (लाल स्वीटपी) हे त्यांतले सर्वांत लाडके. तोमोयो हारादा यांनी गायलेले ‘तोकि ओ काकेरु शोजो’ (१९८३) हेही त्यांचेच. मियाझाकी यांच्या १९८९ च्या ‘माजो नो ताक्क्यूबिन’ या चित्रपटात १९७० च्या दशकातली त्यांची दोन गाणी आली आणि लहान मुलांची एक पूर्ण पिढी त्यांना ओळखू लागली.

रंगमंचावर त्यांना भव्यतेची हौस. १९७० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी एका दौऱ्यात खराखुरा हत्ती आणला होता. १९९९, २००३ आणि २००७ च्या ‘शांग्रिला’ कार्यक्रमांत रशियन सर्कशीचे कलावंत सोबत होते.

१९९४ च्या ऑक्टोबरात ‘हारु यो, कोइ’ (वसंता, ये) हे गाणे आले. एनएचके वाहिनीच्या सकाळच्या मालिकेचे ते शीर्षकगीत. सौम्य, जुन्या जपानी वळणाचे शब्द आणि पियानोवर सतत फिरणारी छोटी स्वरावली. मालिका चालू असतानाच, १७ जानेवारी १९९५ रोजी, कोबे परिसरात मोठा भूकंप झाला. २०११ च्या भूकंप व त्सुनामीनंतर एनएचकेच्या मदतमोहिमेत हेच गाणे लोकांच्या सामूहिक गायनातून पुन्हा उभे राहिले. आता ते शाळांत शिकवले जाते, आणि ते गाणाऱ्या अनेक मुलांना ते कोणी लिहिले हे ठाऊक नसते. गीतकाराला याहून मोठे यश क्वचितच मिळते.

१९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात तरुण गायिकांची नवी लाट आली आणि नव्या संग्रहांची विक्री उतरली. तरी १९९८ मध्ये निघालेला निवडक गाण्यांचा संच ३० लाखांहून अधिक खपला. २०१३ मध्ये त्यांना जपान सरकारचे जांभळ्या फितीचे सन्मानपदक, २०१८ मध्ये किकुचि कान पुरस्कार आणि २०२२ मध्ये सांस्कृतिक गुणवंत हा सन्मान मिळाला. २०२२ हे पदार्पणाचे पन्नासावे वर्ष. त्यानिमित्त निघालेला ‘युमिन बान्झाइ!’ पहिल्या क्रमांकावर गेला आणि १९७० च्या दशकापासून सलग सहा दशकांत प्रत्येकी पहिल्या क्रमांकाचा संग्रह देणारा पहिला कलावंत म्हणून गिनेस बुकात त्यांची नोंद झाली. यातल्या एका नव्या गाण्यात कृत्रिम बुद्धिमत्तेने घडवलेला तरुण युमी आराईचा आवाज आणि आजच्या युमिन एकत्र गातात.

२०१८ मध्ये त्यांची तोवरची सर्व ४२४ गाणी स्ट्रीमिंगवर खुली झाली. त्यामुळे जपानबाहेरच्या श्रोत्यालाही ती सहज ऐकता येतात. नव्याने ऐकणाऱ्याने निवडक गाण्यांच्या संचाऐवजी ‘हिकोकीगुमो’ आणि ‘मिसलिम’ हे दोन संग्रह सलग ऐकावेत, आणि मग ‘नो साइड’कडे जावे.