कॅप्सूल विभागासाठी औषध परवाना: गोव्यात अर्ज करण्याआधी हे बघा

कुंडई, वेर्णा किंवा पिसुर्लेच्या वसाहतीतला गोळ्या बनवणारा कारखाना कॅप्सूल सुरू करायचं म्हणतो, तेव्हा आधी मशीनचं कोटेशन येतं आणि परवान्याचा विचार मागाहून होतो. क्रम उलटा ठेवा. खोलीचा नकाशा आणि हवेची व्यवस्था ठरल्याशिवाय मशीन घेतलं, तर पुढे भिंती पाडाव्या लागतात.

अर्ज बांबोळीच्या अन्न व औषध प्रशासन संचालनालयाकडे. फॉर्म कोणता, इथेच बरेच जण चुकतात. साध्या औषधांना फॉर्म 24, आणि परवाना मिळतो तो फॉर्म 25 मध्ये. पण व्हिटॅमिन आणि अँटिबायोटिक औषध नियमांच्या शेड्यूल सी(1) या यादीत येतात, त्यामुळे त्यांच्या कॅप्सूलला फॉर्म 27 लागतो. पेनिसिलिन गटाला, म्हणजे अमॉक्सिसिलिनलाही, जागा आणि मशीन दोन्ही वेगळी हवीत. फूड सप्लिमेंट म्हणून विकायच्या कॅप्सूलचा कायदाच निराळा, तो परवाना एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा. दोन्हींची फाईल एक करू नका.

औषधाच्या प्रत्येक प्रकारात पहिल्या 10 उत्पादनांपर्यंत परवाना शुल्क 6000 रुपये आणि दर तपासणीला 1500 रुपये; 10 च्या पुढे प्रत्येक उत्पादनाला 300 रुपये. 2017 च्या दुरुस्तीनंतर परवान्याचं नूतनीकरण नसतं, दर पाच वर्षांनी रिटेन्शन शुल्क (परवाना चालू ठेवण्याचं शुल्क) भरायचं.

उत्पादनावर देखरेख ठेवणारी व्यक्ती पूर्णवेळ हवी. फार्मसी पदवीधर असेल तर पदवीनंतर औषधनिर्मितीचा 18 महिन्यांचा अनुभव, रसायनशास्त्र मुख्य विषय असलेला विज्ञान पदवीधर असेल तर 3 वर्षांचा. अनुभवपत्रात कॅप्सूल विभागाचा स्पष्ट उल्लेख असला तर विचारणा कमी होते. चाचणी विभागाचा प्रमुख वेगळा माणूस असला पाहिजे.

कागदपत्रांत जागेचा करार, कंपनीची कागदपत्रं, नकाशा, मशीनची यादी, तांत्रिक कर्मचाऱ्यांची प्रमाणपत्रं, उत्पादनांचे फॉर्म्युले आणि स्थिरता चाचणीची माहिती. ब्रँडनाव असेल तर फॉर्म 51 मधलं हमीपत्र. औषध कमी विरघळणारं, म्हणजे बीसीएस वर्ग 2 किंवा 4 मधलं असेल तर जैवसमतुल्यता अभ्यासही (ते शरीरात मूळ औषधाइतकंच शोषलं जातं हे दाखवणारा). प्रदूषण नियंत्रण मंडळ, फॅक्टरीज अँड बॉयलर्स आणि अग्निशमन यांची कामं समांतर चालू ठेवा, एकामागून एक धरली तर वर्ष तिथेच जातं.

खरी परीक्षा तपासणीत. शेड्यूल एम (चांगल्या उत्पादन पद्धतीचे नियम) कॅप्सूल भरण्यासाठी वातानुकूलित, आर्द्रता काढलेली, एअरलॉक (दुहेरी दारांची मधली जागा) असलेली बंदिस्त जागा मागतं, आणि जुलैत गोव्यात ही मागणी कागदावरची राहत नाही. कडक जिलेटिनच्या रिकाम्या कॅप्सूलमध्ये साधारण 13 ते 16 टक्के पाणी असतं. ते घटलं की कवच तडकतं, वाढलं की मऊ पडून मशीनच्या पिनांखाली चेपतं आणि कॅप (वरची टोपी) बॉडीवर (खालच्या भागावर) नीट बसत नाही. म्हणून गोदाम आणि भरणी खोली, दोन्हीकडच्या आर्द्रतेच्या नोंदी लागतात. डीह्युमिडिफायर फक्त भरणी खोलीत लावून रिकाम्या कॅप्सूलचे डबे उघड्या पॅसेजमध्ये ठेवलेले मी पाहिले आहेत. मग शिफ्टभर कॅप्सूल फुटतात आणि दोष मशीनला दिला जातो.

फाईलमध्ये दोष टाळण्याची पद्धत तुमच्याच मशीनची लिहा. बॉडीला चीर का जाते? बहुधा कॅप आणि बॉडीचे बुश (त्यांना धरणारे मशीनचे साचे) एका रेषेत नसतात, म्हणून लॉक करताना कॅपची कड बॉडीत घुसते. तेव्हा प्रत्येक चेंजओव्हरनंतर (उत्पादन किंवा साइज बदलल्यावर) अलाइनमेंट पिन घालून बघणं एसओपीत (लेखी कार्यपद्धतीत) हवंच. कॅप बॉडीपासून सुटत नसेल तर आधी व्हॅक्यूम बघायचा. लॉक झाल्यावरची लांबी पुरवठादाराच्या स्पेसिफिकेशनशी ताडून बॅच रेकॉर्डमध्ये नोंदवा. लांबी जास्त म्हणजे टोपी सैल, कमी म्हणजे टोकाला खळगा. कॅप्सूलमध्ये द्रव भरायचा असेल तर जोडावर जिलेटिनची पट्टी लावून सील करण्याचं मशीन आणि गळती चाचणी यादीत दाखवा.

वजनाच्या एकसारखेपणाची मर्यादा इंडियन फार्माकोपियाची (औषधांच्या दर्जाच्या अधिकृत ग्रंथाची): आतला माल 300 मिलिग्रॅमपेक्षा कमी असेल तर सरासरीपासून 10 टक्के, 300 किंवा जास्त असेल तर 7.5 टक्के. ही शेवटची मर्यादा झाली. भरताना अ‍ॅक्शन लिमिट याहून घट्ट ठेवलेली असते, आणि त्या लिमिटबाहेर वजन गेल्यावर मशीन कोण थांबवणार, हे निरीक्षक ऑपरेटरलाच विचारतात. मॅनेजरने मध्ये बोलू नये.