१२,३४,५६७ की १,२३४,५६७? क्वेरीतल्या स्वल्पविरामाची पार्श्वभूमी

डेटाबेस आकडा साठवतो तो नुसता: १२३४५६७. स्वल्पविराम आणि रुपयाचं चिन्ह दाखवतानाच लागतात. ते कुठे लावायचे, हा प्रश्न मात्र एसक्यूएलपेक्षा, म्हणजे डेटाबेसला प्रश्न (क्वेरी) विचारण्याच्या भाषेपेक्षा, जुना आहे.

१९६० मध्ये कोबॉल ही प्रोग्रॅमिंगची भाषा आली ती मुख्यतः हिशेब आणि पगारपत्रकं छापणाऱ्या कार्यालयांसाठी. तिच्यात ‘पिक्चर’ नावाची सोय होती. आकडा कागदावर कसा दिसावा याचा नमुना प्रोग्रॅमरनेच लिहायचा. नमुन्यात ‘९’ म्हणजे इथे अंक येणार, ‘झेड’ म्हणजे सुरुवातीची शून्यं गाळायची, आणि चांदणी म्हणजे रिकामी जागा चांदण्यांनी भरायची. ही चांदणी खास चेकसाठी, रकमेच्या आधी कुणाला जास्तीचा अंक घुसडता येऊ नये म्हणून. स्वल्पविराम जिथे लिहाल तिथेच पडे, त्यामुळे लाख-कोटींची मांडणीही सहज बसे. ही रचना मला आजही फार समंजस वाटते.

एसक्यूएलचं पहिलं मानक १९८६ चं. आकड्यांच्या मांडणीचं फंक्शन (तयार आज्ञा) त्यात नव्हतं, म्हणून प्रत्येक डेटाबेसने आपली वाट काढली. ओरॅकलच्या ‘टू_चार’ या फंक्शनमध्ये कोबॉलसारखाच नमुना लिहावा लागतो, पोस्टग्रेसमध्येही तसाच. नमुना तोकडा पडला तर आकड्याच्या जागी हॅशच्या (#) खुणा उमटतात. चुकीची रक्कम दिसण्यापेक्षा ते केव्हाही बरं. मायएसक्यूएलच्या ‘फॉरमॅट’ने नमुनाच काढून टाकला, दशांश स्थळं किती एवढंच सांगायचं. काम सोपं झालं, पण तीन-तीन अंकांचे गट पक्के झाले आणि आपले लाख हरवले.

खरं तर उपाय तोवर तयार होता. सी भाषेच्या १९८९ च्या मानकात, गटात किती अंक घ्यायचे हे लोकेलनुसार, म्हणजे देश-भाषेच्या सेटिंगनुसार, सांगता येतं: उजवीकडून आधी तीन, पुढे दोन-दोन. डेटाबेसांनी उशिरा दखल घेतली. मायएसक्यूएल ५.५ मध्ये ‘फॉरमॅट’ला लोकेल देता येऊ लागलं, एसक्यूएल सर्व्हर २०१२ मध्ये त्याच नावाचं नवं फंक्शन आलं, त्याला भारताचं लोकेल दिलं की १२,३४,५६७ मिळतं.

मात्र या फंक्शनांतून परत येतो तो मजकूर. मजकूर म्हणून क्रम लावला की ‘१,०००’ हे ‘९९९’च्या आधी बसतं. मांडणी केलेल्या स्तंभाला मूळ स्तंभाचंच नाव दिलं, तर क्रम लावणारं ‘ऑर्डर बाय’ त्या मजकुरालाच धरतं आणि यादी विस्कटते. तेव्हा नाव वेगळं द्यावं आणि क्रम मूळ आकड्यावरच लावावा.