कंटेम्पररी डान्स वर्कशॉप (नागपूर)

कंटेम्पररी डान्स वर्कशॉप म्हणजे दोन-तीन दिवसांपासून दोन आठवड्यांपर्यंत चालणारं असं शिबिर जिथे नाच "बसवत" नाहीत. हे आधीच सांगायला हवं कारण नागपुरात डान्स क्लास म्हटलं की गाणं लावायचं, आठ काउंटच्या स्टेप्स पाठ करायच्या आणि गॅदरिंगला नाहीतर कोणाच्या लग्नात संगीतला करून दाखवायच्या हेच डोळ्यासमोर येतं. इथे शेवटी दाखवायला बहुतेकदा काही नसतंच. शरीरातलं वजन कुठून कुठे जातं, पडायचं कसं, उठायचं कसं ही झाली टेक्निक, आणि आधी काही न ठरवता त्या त्या क्षणी हालचाल शोधायची हे इम्प्रोव्हायझेशन, ज्याला बोलताना सगळे नुसतं "इम्प्रो" म्हणतात. सगळा वेळ या दोनच गोष्टींवर जातो.

टीव्हीवरच्या रिअ‍ॅलिटी शोमुळे आपल्याकडे एक समज फार घट्ट बसलाय की कंटेम्पररी म्हणजे हळवं गाणं, मधे एकदा जोडीदाराला उचलून धरणं (लिफ्ट) आणि शेवटी जमिनीवर कोसळणं. तसं नाहीये. कंटेम्पररी ही एकच एक स्टाइल नाही, गेल्या शंभरेक वर्षांत वेगवेगळ्या लोकांनी शोधलेल्या पद्धतींचा तो गोतावळा आहे, आणि कुठलं वर्कशॉप कसं असेल हे शिकवणारा कोणत्या पद्धतीत तयार झालाय त्यावर ठरतं.

टेक्निकमधे काय शिकवतात

पहिल्या दिवशी सुरुवात जमिनीवर आडवं पडून होते. हॉलच्या दाराशी उभे असलेले वॉचमन काका विचारतात, "हे सगळे काहून लोळून राहिले?" आणि प्रश्न अगदी रास्त आहे. पाठ, टाचा, डोकं जमिनीला टेकलं की कुठला भाग ताठ धरून ठेवलाय ते लगेच कळतं, उभं असताना ते कळत नाही. मग हळूहळू कुशीवर वळणं, कण्याला पीळ देत बसतं होणं, बसल्याचं उभं राहणं, उभ्याचं पुन्हा खाली येणं.

खाली येण्याचं काम नीट शिकावं लागतं. आधी गुडघे दुमडून कंबर खाली आणायची, श्वास सोडायचा, वजन पोटरी, मांडी, नितंब असं मांसल भागांवरून वाहू द्यायचं. गुडघ्याची वाटी, कोपर, मनगट आणि माकडहाड यांच्यावर कधीच नाही. पाठीवरून लोळतानाही सरळ मणक्यावरून किंवा डोक्यावरून जायचं नाही, एका खांद्यावरून विरुद्ध बाजूच्या कमरेकडे तिरकं जायचं. एवढं जरी दोन दिवसांत अंगात उतरलं तरी वर्कशॉपचे पैसे वसूल असं मला मनापासून वाटतं.

यातल्या बऱ्याच गोष्टींना घराणी आहेत. अमेरिकन नर्तिका मार्था ग्रॅहम (१८९४–१९९१) यांनी १९२६ मधे न्यूयॉर्कला स्वतःची नृत्य कंपनी काढली, त्यांच्या पद्धतीत श्वास सोडताना ओटीपोट आत खेचलं जातं आणि कणा धनुष्यासारखा वाकतो, श्वास घेताना तो पुन्हा मोकळा होतो. त्यांच्याच काळातल्या अमेरिकन नृत्यदिग्दर्शक डोरिस हम्फ्री यांचं सगळं काम तोल जाणं आणि तोल सावरणं या दोनच क्रियांवर उभं आहे, त्यांचे मेक्सिकोत जन्मलेले शिष्य होजे लिमोन यांनी तेच पुढे नेलं. ग्रॅहम यांच्या कंपनीत नाचलेले मर्स कनिंगहॅम यांनी तर कुठली हालचाल कुठल्या नंतर येणार हे नाणं उडवून ठरवायचा मार्ग काढला.

नागपूरच्या मंडळींना सगळ्यात पटकन कळतं ते हालचालीचा शास्त्रशुद्ध अभ्यास करणारे रुडॉल्फ लाबान (१८७९–१९५८) यांचं काम. कुठल्याही हालचालीत वजन, वेळ, दिशा आणि ओघ असतो असं त्यांनी मांडलं, आणि पहिल्या तिघांची प्रत्येकी दोन टोकं घेऊन ती एकमेकांशी जुळवली की आठ मूळ क्रिया मिळतात. मराठीत हे शिकवायला एकही जड शब्द लागत नाही कारण या आठही क्रिया आपण घरात रोज करतो: ओली चादर पिळणं, कणीक दाबून मळणं, हाताचं पाणी झटकणं, कपाळावर टिकली टेकवणं, दोरीवरची सतरंजी काठीने झोडपणं, भिंतीत खिळा ठोकणं, गादीवरची चादर हातानं सारखी करत जाणं, आणि आठवी म्हणजे तरंगणं, संक्रांतीला कटलेली पतंग खाली येते तसं. चांगला शिक्षक ही क्रिया आधी हातानं करून घेतो, मग म्हणतो आता हीच चादर पाठीनं पिळा, आता टाचेनं पाणी झटका. हॉलमधे तेव्हा खरी मजा येते.

इम्प्रो म्हणजे मनाला येईल ते नव्हे

नवीन लोकांना वाटतं इम्प्रो म्हणजे डोळे मिटून गाण्यावर मोकळं सुटायचं. पण तसं सुटलं की पाच मिनिटांत प्रत्येक जण आपल्या नेहमीच्याच चार हालचालींवर येऊन थांबतो, कथ्थकवाली चक्कर घेते, हिपहॉपवाला पोरगा छाती उडवतो. सवय मोडायची तर बंधन लागतं. म्हणून इम्प्रोमधे कायम एखादं काम दिलेलं असतं, त्याला टास्क किंवा स्कोअर म्हणतात. फक्त डाव्या खांद्यापासून सुरुवात करायची. समोरच्याच्या दुप्पट हळू जायचं. एक हात जमिनीवरून उचलायचाच नाही.

न्यूयॉर्कच्या नृत्यदिग्दर्शक ट्रिशा ब्राउन यांनी १९७५ मधल्या एका रचनेत स्वतःभोवती एक घन कल्पून त्यावर २७ बिंदू मानले, २६ इंग्रजी अक्षरांचे आणि सत्ताविसावा दोन शब्दांमधल्या जागेचा, आणि एका मजकुराच्या अक्षरांप्रमाणे त्या बिंदूंना अंगानं स्पर्श करत गेल्या. आपल्याकडे याचं सोपं रूप करतात, कोपरानं हवेत आपलं नाव देवनागरीत लिहायचं. ते रोमनपेक्षा कितीतरी समृद्ध होतं कारण काना खाली येतो, वेलांटी डोक्यावरून वळते, उकार गुडघ्यापाशी जातो आणि शेवटी शिरोरेखा ओढायला सगळं अंग एका रेषेत सरकावं लागतं. ज्यांच्या नावात जोडाक्षर आहे त्यांची हालचाल बघत राहावी अशी होते.

आणि हे काही परकं नाहीये. कथ्थकमधे तालाच्या चौकटीत राहून ऐन वेळी सुचलेलं करणं याला उपज म्हणतातच. बैठकीच्या लावणीत एकच ओळ पुन्हा पुन्हा येते आणि दर वेळी बाई तिचा वेगळा अर्थ अदेतून काढते, ताल आणि ओळ हे तिचं बंधन. विदर्भातल्या खडी गंमत या लोकनाट्यातले कलाकार समोरची गर्दी बघून बोलणं फिरवतात. फरक एवढाच की तिथे शब्द, ताल किंवा गोष्ट धरून ठेवते, आणि कंटेम्पररी इम्प्रोमधे बऱ्याचदा फक्त वजन आणि जागा धरून असते, म्हणून सुरुवातीला फार एकटं वाटतं.

काँटॅक्ट इम्प्रो, म्हणजे स्पर्शातून केलेलं इम्प्रो, हा यातला वेगळा भाग. स्टीव्ह पॅक्स्टन (१९३९–२०२४) हे कनिंगहॅम यांच्या कंपनीत नाचलेले, आयकिडो ही जपानी युद्धकला शिकलेले, त्यांनी १९७२ मधे अमेरिकेतल्या ओबर्लिन कॉलेजात विद्यार्थ्यांना घेऊन एकमेकांवर आदळणं, पडणं, वजन झेलणं असं काम केलं आणि त्यातून ही पद्धत निघाली. दोघांचा स्पर्शाचा एक बिंदू असतो, तो अंगावरून फिरत राहतो आणि वजन त्याच्यातून दिलं-घेतलं जातं. पॅक्स्टन यांचाच आणखी एक व्यायाम म्हणजे नुसतं स्थिर उभं राहायचं आणि तोल राखायला तळपायात, घोट्यात जे बारीक बारीक चालू असतं ते अनुभवायचं. दहा मिनिटं. माझ्यासाठी तरी पूर्ण वर्कशॉपमधलं सगळ्यात अवघड काम तेच.

स्पर्शाचं इथे स्पष्ट बोललं पाहिजे. नागपुरात मुलं-मुली एकत्र, अंगावर वजन टाकताहेत, म्हटल्यावर आईवडिलांना काळजी वाटणारच आणि ती दुर्लक्ष करण्यासारखी नाही. जबाबदार शिक्षक आधी पाठीला पाठ लावून सुरू करतो, नको असेल तर कारण न सांगता बाजूला होण्याचा हक्क सगळ्यांना मोठ्यानं सांगतो, आणि जोड्या स्वतः ठरवून लादत नाही. हे तीन होत नसेल तर काँटॅक्टच्या सेशनला बसू नये.

भारतातलं थोडं

नर्तक उदय शंकर (१९००–१९७७) यांनी हिमालयातल्या अल्मोड्याला नृत्याचं केंद्र काढलं आणि तिथल्या शिक्षणात इम्प्रोव्हायझेशनही ठेवलं, म्हणजे १९३८ च्या सुमारास हा विचार आपल्याकडे होताच. जर्मनीत मेरी विगमन यांच्या नृत्यशाळेत शिकून आलेल्या जोहरा सेहगल तिथे शिकवत, आणि पुढे सिनेमात गेलेले गुरु दत्त तिथले विद्यार्थी. नृत्यदिग्दर्शक चंद्रलेखा (१९२८–२००६) यांचा जन्म आपल्या महाराष्ट्रातला, वाडा या गावचा. त्यांनी चेन्नईत राहून भरतनाट्यम, योग आणि केरळची युद्धकला कलरीपयट्टू एकत्र आणून १९८५ मधे 'अंगिका' केलं, ज्यात अलंकार, कथा सगळं बाजूला आणि फक्त शरीर. नर्तक अस्ताद देबू (१९४७–२०२०) कथ्थक आणि कथकली दोन्ही शिकले आणि मणिपूरच्या ढोलवादकांबरोबर, मूकबधिर कलाकारांबरोबर वर्षानुवर्षं काम करत राहिले. बंगळुरूचं अट्टकलारी हे कंटेम्पररी नृत्याचं केंद्र १९९२ पासून आहे, या क्षेत्रात पूर्ण वेळ शिकायचं ठरवणाऱ्यांना ते नाव लवकर ऐकायला मिळतं.

नागपुरात हे कसं होतं

सभागृहांची नागपूरला कमी नाही, सिव्हिल लाइन्सचं वसंतराव देशपांडे सभागृह आहे, रेशीमबागेत सुरेश भट सभागृह आहे, पण ती कार्यक्रमाची ठिकाणं. वर्कशॉपला खुर्च्या नकोत, सपाट मोकळी जमीन हवी. त्यामुळे धरमपेठ, सदर, मनीष नगर अशा भागातले झुंबा स्टुडिओ, योगाचे हॉल, शाळांचे हॉल यांच्यावर गाडी येते, आणि सगळा प्रश्न फरशीचा होऊन बसतो.

बहुतेक हॉलला टाइल्स नाहीतर कोटा. दोन्ही दगडाइतकेच कडक, खाली अजिबात उसळी नाही. नाचासाठी खरा फ्लोअर लाकडी, खाली पोकळी सोडलेला आणि वर विनाइल मॅट अंथरलेला असतो. तो नसला की लोक तायक्वांदोवाल्यांच्या जोडायच्या फोम मॅट आणतात, लोळायला त्या छान पण त्यांच्यावर उभं राहून गिरकी घेतली की पाऊल रुतून बसतं, वरचं अंग फिरतं आणि गुडघा मधल्या मधे पिळतो. म्हणून लोळायचं काम मॅटवर आणि फिरायचं काम फरशीवर, उड्या दोन्हीकडे कमीत कमी, असं वेगळं करणं भाग आहे. मी एका वर्कशॉपला टाइल्सवर सलग दोन दिवस गुडघ्यांवर उतरले, कोणी थांबवलं नाही आणि मलाही कळलं नाही, तीन आठवडे उजवा गुडघा सुजलेला होता. तेव्हापासून मी ज्याला त्याला सांगते की नी-पॅड घाला, पूर्ण लांबीची सुती ट्रॅक पँट घाला आणि नाव नोंदवायच्या आधी फरशी कुठली ते विचारा.

दुसरा प्रश्न उन्हाचा. शिबिरं एप्रिल-मेमधे कारण तेव्हाच कॉलेजला सुट्या, आणि नेमकं तेव्हाच नागपूरचा पारा ४५ च्या वर. कूलर लावला तर हवा दमट होते, घाम वाळत नाही, कातडी फरशीला चिकटते आणि सरकायच्या ऐवजी सोलवटते. कूलर बंद ठेवला तर अर्ध्या तासात पोरं गळून जातात. यावर बरा मार्ग म्हणजे सकाळी साडेसहा ते नऊ जमिनीवरचं काम आणि संध्याकाळी उभ्यानं इम्प्रो, दुपार पूर्ण मोकळी. मीठ-साखरेचं पाणी किंवा पन्हं जवळ ठेवायचं, नुसतं पाणी पुरत नाही. हिवाळ्यात उलट, डिसेंबरच्या सकाळी फरशी इतकी गार असते की वॉर्म-अप चालत-फिरत, उभ्यानं करून मगच आडवं व्हावं.

येणारी मंडळी फार वेगवेगळी असतात आणि तेच इथल्या वर्कशॉपचं बळ आहे. कथ्थक-भरतनाट्यमच्या मुलींना लय पक्की असते पण कणा ताठ ठेवायची इतक्या वर्षांची सवय सोडवत नाही. हिपहॉपची पोरं जमिनीवर सगळ्यात आधी रमतात, त्यांना थांबून राहणं जड जातं. एकांकिका स्पर्धांमधून आलेले लगेच गोष्ट सांगायला लागतात, हात वर केला की त्यांना आकाशात काहीतरी दिसतंच. दुसऱ्या दिवसापर्यंत तिघं एकमेकांकडून चोरायला लागतात. शिकवणारे बरेचदा मुंबई, पुणे, बंगळुरूहून शनिवार-रविवारसाठी येतात, म्हणून सगळं दोन दिवसांत कोंबायचा मोह होतो, आणि एका वेळी वीस-बावीसच्या वर लोक घेतले की शिक्षकाला कोणाचा गुडघा कुठे चाललाय ते दिसणंच बंद होतं.

बघण्यासाठी मात्र नागपूरसारखी सोय कमी ठिकाणी आहे. दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र १९८६ पासून इथेच आहे, हिवाळ्यात त्यांच्या आवारात वेगवेगळ्या राज्यांतली लोकनृत्यं येतात. लाबानचे आठ प्रकार शिकलेल्यानं तिथे पहिल्या रांगेत बसून फक्त नाचणाऱ्यांची पावलं आणि कंबर बघावी, कपडे आणि वाजंत्री थोडी विसरून.

दोन दिवसांचं शिकलेलं पंधरा दिवसांत जातं, म्हणून काही जण आठवड्यातून एकदा आपले आपण जमतात. चिठ्ठ्यांवर टास्क लिहायचे, उचलायचे, सात मिनिटं करायचे, बाकीच्यांनी बघायचं आणि "छान" न म्हणता काय दिसलं ते सांगायचं. हॉलचं भाडं परवडत नाही म्हणून हे गच्चीवर होतं. मेमधे स्लॅब रात्री उशिरापर्यंत गरम राहतो, तेव्हा वेळ पहाटे साडेपाचची, आणि गच्ची खरबरीत असल्यामुळे तिथे लोळायचं नाही, उभ्यानं होईल तेवढंच करायचं, कोपरानं नाव लिहिण्यापासून सुरुवात करून ऊन कठड्यावर येईपर्यंत.