घरात उरलेली अँटिबायोटिक: एक्स्पायरी बघून काय होणार?

आपल्याकडे केमिस्ट स्ट्रिप कात्रीने कापून देतो. १० च्या स्ट्रिपमधल्या ६ पाहिजे असतात, मग त्या कापून मिळतात आणि बऱ्याचदा बॅच नंबर, एक्स्पायरी छापलेला तुकडा दुकानातच राहतो. त्यातल्या ३-४ गोळ्या आपण खातो, ताप उतरतो, बरं वाटतं, उरलेल्या दोन-तीन औषधांच्या डब्यात जातात. वर्षभराने कुणाचा तरी घसा धरला की तो डबा निघतो, हातात येतो नावाचं अर्धं शेपूट उरलेला चंदेरी तुकडा, आणि घरात एकच चर्चा चालू होते की एक्स्पायरी काय असेल गं याची, गेल्या दिवाळीत आणलेली ना, मग चालेल.

मला विचाराल तर एक्स्पायरी हा यातला सगळ्यात छोटा प्रश्न आहे, पण लोक तोच पहिला आणि शेवटचा विचारतात, म्हणून आधी तोच संपवू.

एक्स्पायरी डेट म्हणजे कंपनीची गॅरंटी. सांगितलंय तसं ठेवलंत तर त्या तारखेपर्यंत औषधाची ताकद ठरलेल्या मर्यादेत राहील, बहुतेक औषधांना ही मर्यादा ९०% च्या आसपास असते. दुसऱ्या दिवशी गोळीचं विष होत नाही. अमेरिकन लष्कराकडे औषधांचे प्रचंड साठे असतात, दर वर्षी फेकून द्यायला जिवावर यायचं, म्हणून १९८६ पासून तिथे जुने साठे लॅबमध्ये तपासून मुदत वाढवायची योजना आहे. २००६ मध्ये त्याचे आकडे छापून आले. १२२ औषधं तपासली होती आणि ८८% बॅचेसची मुदत किमान वर्षभर वाढवता आली. हे वाचून बरेच जण खूश होतात. पण तो माल सीलबंद होता, नीट गोदामात ठेवलेला. रत्नागिरीच्या जुलैत ओट्यावरच्या कपाटात, गॅसच्या वर ठेवलेला नव्हता.

आणि सगळी औषधं सारखी टिकत नाहीत. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनिक ॲसिडची ती मोठी ६२५ ची गोळी घ्या. त्यातलं क्लॅव्हुलॅनिक ॲसिड दमट हवेत लवकर खराब होतं, म्हणूनच तिचं पॅकिंग जाडजूड असतं. पांढऱ्या गोळीवर पिवळे-तपकिरी डाग दिसले तर काम संपलंय असं समजा. मुलांचं ड्राय सिरप तर अजून नाजूक, पावडरमध्ये पाणी घातलं की या औषधाचं आयुष्य फ्रिजमध्ये साधारण ७ दिवस. बाटलीवर एक्स्पायरी पुढच्या वर्षाची असते पण ती कोरड्या पावडरची, कालवलेल्या सिरपची नाही, आणि इथे भलेभले फसतात.

जुन्या पिढीत एक भीती अजून आहे की एक्स्पायर झालेली टेट्रासायक्लिन किडनी खराब करते. त्याला आधार आहे. १९६३ च्या सुमारास अमेरिकेत खराब झालेली टेट्रासायक्लिन घेतलेल्या काही पेशंटच्या किडनीवर परिणाम झाल्याचं डॉक्टरांनी नोंदवलं. तेव्हाच्या कॅप्सूलमध्ये सायट्रिक ॲसिड घालायचे, त्याने औषध बिघडायला मदत होते असा संशय होता, नंतर ते बनवणंच बदललं.

तर समजा गोळी एकदम ताजी आहे, एक्स्पायरी २ वर्षं लांब. तरी प्रश्न सुटला का? नाही ना. कारण ती गोळी आत्ताच्या दुखण्यासाठी दिलेलीच नव्हती.

घसादुखी बघा. मोठ्या माणसांत घसा दुखणाऱ्या १०० पैकी साधारण ५ ते १५ जणांनाच स्ट्रेप्टोकोकस नावाचा बॅक्टेरिया असतो, लहान मुलांत हे प्रमाण जास्त. बाकी बहुतेक व्हायरस. व्हायरसवर अँटिबायोटिक चालत नाही हे वाक्य सगळ्यांना पाठ आहे, पण "मागच्या वेळी अझी ५०० घेतली आणि दोन दिवसांत मोकळं वाटलं" हा अनुभव त्याच्यापेक्षा भारी पडतो. अहो पण गोळी आपण घेतो कधी? त्रास सगळ्यात जास्त असतो तेव्हा, म्हणजे तिसऱ्या-चौथ्या दिवशी, आणि व्हायरसचा घसा तसाही आठवड्याभरात आपापला सुटतो. श्रेय मात्र गोळीला.

प्रत्येक अँटिबायोटिक शरीरात सगळीकडे पोचतं असंही नाही. युरीन इन्फेक्शनसाठी देतात ते नायट्रोफ्युरॅन्टॉइन मस्त उदाहरण आहे. ते लघवीत भरपूर साठतं पण रक्तात आणि बाकी अवयवांत पुरेसं पोचतच नाही. बहिणीच्या युरीन इन्फेक्शनमधल्या उरलेल्या कॅप्सूल भावाने छातीच्या खोकल्यावर घेतल्या तर साइड इफेक्ट मिळेल, फायदा शून्य.

उलटा प्रकार जास्त वाईट, म्हणजे गोळी थोडी थोडी लागू पडते तेव्हा. लिव्होफ्लॉक्सासिन टीबीच्या जंतूंवरही काम करतं, रेझिस्टंट, म्हणजे नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या टीबीच्या उपचारातलं ते महत्त्वाचं औषध आहे. आता एखाद्याला तीन आठवडे खोकला आहे, बारीक ताप आहे, घरात कुणाचं तरी उरलेलं लिव्होफ्लॉक्स सापडलं, चार दिवस घेतलं. ताप कमी. सगळे खूश, आणि टीबी मात्र आत तसाच, थोडा दबलेला. निदान लांबतं, तोवर घरातल्यांना लागण होत राहते, आणि एकट्या औषधाला तोंड देऊन जंतू शिकतात ते वेगळंच. मुंबईच्या हिंदुजा हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनी २०११ च्या शेवटी असे ४ पेशंट जगासमोर आणले ज्यांच्या टीबीच्या जंतूंनी तपासलेल्या एकाही औषधाला दाद दिली नव्हती. ते काही डब्यातल्या गोळ्यांनी झालं नव्हतं, पण धडधडीत अर्धवट आणि चुकीचे उपचार काय करतात ते आपल्याच शहरात दिसलं.

लघवीच्या तपासणीचंही असंच. जळजळ होते म्हणून घरातल्या दोन गोळ्या घेतल्या, थांबली नाही, मग डॉक्टरकडे गेलात, त्यांनी कल्चर, म्हणजे लघवीतले जंतू लॅबमध्ये वाढवून बघायची तपासणी करायला सांगितलं. रिपोर्ट येतो "नो ग्रोथ". जंतू मेले म्हणून नाही, लघवीत औषध होतं म्हणून लॅबच्या प्लेटवर वाढले नाहीत. आता नक्की कोणता जंतू आणि त्यावर काय चालेल हे कळायची सोय गेली, डॉक्टर अंदाजाने औषध देणार.

उरलेल्या गोळ्या कमी असतात हा पुढचा घोळ. पेनिसिलिन शोधणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंगने डिसेंबर १९४५ मध्ये नोबेलच्या भाषणातच याचं चित्र रंगवलं होतं, एक गृहस्थ घसा दुखतो म्हणून स्वतःच पेनिसिलिन आणतात, जंतू मरतील इतकं घेत नाहीत पण जंतू शिकतील इतकं घेतात. पेनिसिलिन बाजारात येऊन किती दिवस झाले होते तेव्हा!

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. "कोर्स पूर्ण केलाच पाहिजे" हे आपण इतकी वर्षं ऐकतोय, पण त्यावरही आता वाद आहे. २०१७ मध्ये बीएमजे या ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये काही तज्ज्ञांनी लिहिलं की बऱ्याच साध्या इन्फेक्शनमध्ये गरजेपेक्षा जास्त दिवस औषध घेतल्यानेच रेझिस्टन्स वाढतो, लहान कोर्स पुरतात. टीबीला हे अजिबात लागू नाही. आणि याचा अर्थ आपण ठरवून थांबायचं असाही नाही, डॉक्टरने कोर्स छोटा द्यायचा असा आहे.

रेझिस्टन्स तयार होतो तो बऱ्याचदा ज्या जंतूसाठी औषध घेतलं त्याच्यात नाहीच, आपल्या आतड्यात. तिथे कोट्यवधी बॅक्टेरिया गुपचूप राहत असतात, त्यात ई. कोलाय असतो. घशासाठी घेतलेली गोळी त्यांच्यावरूनही फिरते, साधे मरतात, औषध पचवणारे उरतात आणि त्यांना जागा मोकळी मिळते. शिवाय हे बॅक्टेरिया रेझिस्टन्सची जनुकं प्लाझ्मिड नावाच्या डीएनएच्या छोट्या गोल तुकड्यांवरून एकमेकांना देतात, अगदी दुसऱ्या जातीच्या बॅक्टेरियालाही. बायकांना युरीन इन्फेक्शन होतं ते बहुतेक वेळा स्वतःच्याच आतड्यातल्या ई. कोलायने. म्हणजे मार्चमध्ये उगीच घेतलेली गोळी मे महिन्यात खऱ्या इन्फेक्शनला चालत नाही, असा हिशोब लागू शकतो. २०१९ मध्ये जगात सुमारे १२ लाख ७० हजार लोक थेट रेझिस्टंट बॅक्टेरियामुळे गेले असा अंदाज लॅन्सेट या मेडिकल जर्नलमध्ये छापून आला होता, ते जंतू कुठून कुठून आले असतील याचा विचार करा.

दुसऱ्याच्या गोळ्या घेण्यात तर अजून खड्डे. पेनिसिलिनची ॲलर्जी असलेल्याला अमॉक्सिसिलिन दिलं तर अंगावर पित्त उठण्यापासून थेट श्वास कोंडण्यापर्यंत काहीही होऊ शकतं. आजोबांना रक्त पातळ ठेवायची गोळी चालू असेल आणि जुलाब लागले म्हणून डब्यातलं मेट्रोनिडाझोल दिलं तर रक्त नको तितकं पातळ होऊन रक्तस्राव होऊ शकतो. आणि मुळात पाण्यासारख्या जुलाबांना बहुतेक वेळा ओआरएस लागतं, अँटिबायोटिक नाही. लहान मुलांना मोठ्यांची गोळी अर्धी करून देणं हा प्रकार तर बंदच करा, त्यांचा डोस वजनावर ठरतो.

कायदा आहे, १ मार्च २०१४ ला शेड्यूल एच-१ ही कडक नियमांच्या औषधांची यादी लागू झाली तेव्हा तिच्यात ४६ औषधं होती, त्यात बरीच वरच्या दर्जाची अँटिबायोटिक, केमिस्टने रजिस्टरमध्ये नोंद ठेवायची असते. २०१६ पासून स्ट्रिपवरच्या लाल उभ्या रेषेचा, म्हणजे ही गोळी डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका या खुणेचा प्रचारही झाला. पण घरातल्या डब्याला कुठलं रजिस्टर!

रात्री ११ ला ताप आला आणि डब्यात तेवढंच आहे, मग? पॅरासिटामॉल, पाणी, आणि डॉक्टरला फोन. स्ट्रिपवरचं पूर्ण नाव वाचून दाखवा, कधी कधी डॉक्टरच सांगतात की हो, तीच सुरू करा, उद्या बाकीच्या घेऊन या. धाप लागली, मूल सुस्त पडलं तर फोनवर बसू नका, सरळ हॉस्पिटल. आणि आधीच दोन गोळ्या घेतल्या असतील तर ते लपवू नका, ओरडा खावा लागला तरी चालेल.

उरलेल्या टाकायच्या कुठे हा प्रश्न राहतोच. संडासात नाही. हैदराबादजवळ पाटनचेरूला औषध कंपन्यांचं सांडपाणी साफ करणाऱ्या प्लांटमधून बाहेर पडणाऱ्या पाण्यात २००७ मध्ये स्वीडिश संशोधकांना सिप्रोफ्लॉक्सासिन लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत सापडलं होतं, औषध घेणाऱ्या माणसाच्या रक्तात असतं त्याहून जास्त. आपल्या दोन गोळ्या तेवढ्या नाहीत, पण उगाच भर कशाला. केरळने २०२५ मध्ये कोझिकोडपासून एन-प्राउड नावाची योजना सुरू केली, घरातली नको असलेली औषधं गोळा करून जाळून नष्ट करायची. आपल्या भागात तसं काही आहे का ते केमिस्टला विचारून बघा. नसेल तर गोळ्या स्ट्रिपमधून काढून चहाच्या ओल्या चोथ्यात कालवा, पिशवी घट्ट बांधून कचऱ्यात द्या. सिरपचंही तेच, चोथा जरा जास्त लागेल.