कार्डावर ‘पार्टनर’ म्हणजे फर्मचा मालकच का?

“कॉर्पोरेट लॉ फर्ममध्ये ठरावीक वर्षं काढली की माणूस आपोआप पार्टनर, म्हणजेच मालक होतो,” असं कायम सांगितलं जातं. पदाचं नाव एकच असल्यानं तसं वाटणं साहजिक आहे. पण अनेक फर्ममध्ये पार्टनर दोन प्रकारचे असतात. इक्विटी पार्टनर भांडवल घालतो, नफ्यातोट्यात वाटेकरी असतो. दुसऱ्याला मुख्यतः ठरलेला पगार मिळतो, मालकी नाही. शिवाय नुसती ज्येष्ठता पुरत नाही. तुम्ही किती काम आणता, हेही पाहिलं जातं. रात्री दोन वाजता कराराचा मसुदा तपासत बसलेल्या असोसिएटला, म्हणजे फर्ममधल्या कनिष्ठ वकिलाला, हे आधीच कळायला हवं. खात्री करायची तर थेट विचारा: भांडवल किती, मताधिकार आहे का, नफा कसा वाटतात? उत्तरं भागीदारी करारात असतात. फर्म एलएलपी (मर्यादित दायित्व असलेली भागीदारी) असेल, तर अनेक देशांत भागीदारांची नावं सरकारी नोंदीतही पाहता येतात.