तीन विमानांची कंपनी आणि तिचे प्रतिस्पर्धी : विमानव्यवसायाच्या खेळांची पार्श्वभूमी

विमान कंपनी चालवण्याच्या खेळांची सुरुवात बहुतेक वेळा एकाच चित्राने होते. खेळाडूच्या हाती दोन-तीन विमाने आणि बेताचे भांडवल असते, त्याच प्रवाशांवर डोळा ठेवून असलेले प्रतिस्पर्धी आजूबाजूला असतात, आणि मार्ग, भाडे, विमानखरेदी व नोकरभरती यांचे निर्णय दर तिमाहीला घ्यायचे असतात. हे चित्र आता इतके सवयीचे झाले आहे की ते केवळ खेळ रचणाऱ्यांच्या सोयीतून आले असावे, असे वाटते. प्रत्यक्षात मात्र कोणीही भांडवल उभारावे, हव्या त्या मार्गावर विमान सोडावे आणि परवडेल ते भाडे लावावे, ही मुभा १९७८ पूर्वी जगात जवळजवळ कुठेच नव्हती. खेळातील नवी कंपनी ज्या मोकळ्या मैदानात उतरते ते मैदान एका कायद्याने तयार केले, आणि त्या मैदानात तिची होणारी दमछाक एका खऱ्या कंपनीच्या पाच-सहा वर्षांच्या चरित्रातून खेळात आली.

अमेरिकेत १९३८ च्या कायद्याने विमानवाहतुकीचे आर्थिक नियंत्रण सरकारकडे गेले आणि पुढे चार दशके ते सिव्हिल एरोनॉटिक्स बोर्ड, म्हणजे सीएबी, या मंडळाच्या हाती राहिले. कोणत्या कंपनीने कोणत्या दोन शहरांत उडावे आणि किती भाडे घ्यावे, हे मंडळ ठरवीत असे. १९५० ते १९७४ या काळात देशांतर्गत नियमित सेवा सुरू करू इच्छिणाऱ्यांचे ७९ अर्ज मंडळाकडे आले आणि त्यांपैकी एकही मंजूर झाला नाही. भाडे ठरलेले असल्यामुळे असलेल्या कंपन्यांना स्पर्धा करायची तर ती जेवणखाण, आसनांची ऐसपैस मांडणी आणि उड्डाणांची संख्या यांतच करावी लागे. अशा व्यवस्थेवर खेळ बेतायचा म्हटला तर खेळाडूची पहिली वीस वर्षे मंडळासमोरच्या सुनावण्यांतच जातील. तो खेळ वकिलांना कदाचित आवडेल.

या तटबंदीत एक फट होती. राज्याची हद्द न ओलांडणाऱ्या विमानसेवेवर सीएबीची सत्ता चालत नसे. टेक्सासमध्ये साउथवेस्ट या कंपनीने हाच आधार घेतला आणि प्रतिस्पर्ध्यांनी घातलेले न्यायालयीन अडथळे पार करून १८ जून १९७१ रोजी डॅलस, ह्यूस्टन व सॅन अँटोनियो या शहरांदरम्यान तीन बोइंग ७३७ विमानांनिशी सेवा सुरू केली. लवकरच चौथे विमान आले, पण पैशाची चणचण एवढी होती की १९७२ मध्ये ते विकावे लागले. वेळापत्रक मात्र चार विमानांचेच ठेवायचे ठरले, आणि त्यासाठी उतरलेले विमान दहा मिनिटांत पुन्हा उड्डाणास सज्ज करण्याची पद्धत कर्मचाऱ्यांनी बसवली. जमिनीवर उभे असलेले विमान काहीच कमवत नाही, हे आजच्या खेळांतील नवशिक्याला वेळापत्रकाच्या पडद्यावर उमगते, ते साउथवेस्टला अडचणीने शिकवले.

१९७७ मध्ये अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड कान सीएबीचे अध्यक्ष झाले. विमानांतले आपल्याला काही कळत नाही, आपल्या दृष्टीने ते पंख फुटलेले सीमांत खर्चच (म्हणजे आणखी एक फेरी वाढवली की वाढणारा खर्चच) आहेत, अशा आशयाचे त्यांचे उद्गार प्रसिद्ध आहेत. योगायोग असा की व्यवस्थापनाच्या खेळांत विमानाकडे पाहण्याची दृष्टी नेमकी हीच असते. २४ ऑक्टोबर १९७८ रोजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी नियंत्रणमुक्तीच्या कायद्यावर स्वाक्षरी केली. मार्गप्रवेश व भाडे यांवरील बंधने टप्प्याटप्प्याने उठली आणि १९८४ च्या अखेरीस खुद्द मंडळही गुंडाळले गेले.

या कायद्यानंतर निघालेल्या कंपन्यांमध्ये खेळांच्या इतिहासाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची कंपनी म्हणजे पीपल एक्स्प्रेस. डोनाल्ड बर यांच्या नेतृत्वाखाली तिने ३० एप्रिल १९८१ रोजी न्यू यॉर्कजवळच्या न्यूअर्क येथील जुन्या, ओस पडलेल्या टर्मिनलमधून उड्डाणे सुरू केली, तीही तीन विमानांनिशीच. लुफ्तान्साकडून घेतलेली जुनी बोइंग ७३७ विमाने, विमानातच तिकिटाचे पैसे घेण्याची पद्धत, सामानासाठी व कॉफीसाठी वेगळा आकार, आणि प्रत्येक कर्मचाऱ्याला समभाग व ‘मॅनेजर’ हे पदनाम, अशी तिची घडण होती. भाडी इतकी कमी होती की पूर्वी बसने किंवा स्वतःच्या मोटारीने जाणारे लोक विमानाकडे वळले. १९८३ मध्ये कंपनी लंडनला पोहोचली, १९८५ पर्यंत तिची वार्षिक उलाढाल एक अब्ज डॉलरच्या आसपास गेली आणि त्याच वर्षी तिने डेन्व्हरची फ्रंटियर ही जुनी कंपनी विकत घेतली. फ्रंटियरने ऑगस्ट १९८६ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. पुढच्याच महिन्यात पीपल एक्स्प्रेस टेक्सास एअर या समूहाला विकण्याचा करार झाला आणि १ फेब्रुवारी १९८७ रोजी ती त्याच समूहाच्या कॉन्टिनेन्टल या विमान कंपनीत विलीन झाली.

ती का बुडाली, याची दोन उत्तरे दिली जातात, आणि विमानव्यवसायाचे खेळ पुढे कोणत्या दिशेने गेले हे समजण्यासाठी दोन्ही उत्तरे लक्षात ठेवावी लागतात.

पहिले उत्तर संगणकाचे आहे. अमेरिकन एअरलाइन्सने आयबीएमच्या साहाय्याने १९६० च्या दशकात सेबर ही आरक्षणप्रणाली उभी केली होती. कोणत्या उड्डाणाची किती आसने किती दिवस आधी विकली जातात याची साठलेली माहिती हाताशी असल्याने अमेरिकनचे प्रमुख रॉबर्ट क्रँडल यांच्या कारकिर्दीत या कंपनीने एक नवी युक्ती अमलात आणली. रिकामी जातील असा अंदाज असलेली तेवढीच आसने, आगाऊ खरेदीच्या अटीवर, अगदी कमी भाड्यात विकायची आणि शेवटच्या क्षणी येणाऱ्या व्यावसायिक प्रवाशांसाठी उरलेली आसने पूर्ण भाड्याने राखून ठेवायची. जानेवारी १९८५ मध्ये जाहीर झालेल्या ‘अल्टिमेट सुपर सेव्हर’ भाड्यांनी पीपल एक्स्प्रेसच्या मुळावरच घाव घातला, कारण मोठ्या कंपनीतही आता तिच्याइतके स्वस्त तिकीट मिळू लागले, आणि तिच्याकडे उलट उत्तर द्यायला तशी प्रणाली नव्हती. स्वतः बर यांचा भर याच कारणावर असे.

दुसरे उत्तर मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजे एमआयटी, येथून आले. तिथे जे फॉरेस्टर यांनी १९५६ पासून सिस्टिम डायनॅमिक्स ही अभ्यासशाखा उभी केली होती. संस्थेतील साठे, प्रवाह आणि विलंब यांचे गणित मांडून तिचे वर्तन अभ्यासायचे, ही त्या शाखेची पद्धत. त्याच परंपरेतील जॉन स्टर्मन यांनी १९८८ मध्ये पीपल एक्स्प्रेसवर एक संगणकीय खेळ तयार केला आणि त्याला ‘मॅनेजमेंट फ्लाइट सिम्युलेटर’ म्हटले. नावावरून यात विमान उडवायचे असेल असा समज होतो, पण नावातली उपमा वेगळी आहे. एडविन लिंक यांनी १९२९ च्या सुमारास बनवलेल्या प्रशिक्षणयंत्रापासून वैमानिकाला जमिनीवर बसून चुका करण्याची सोय झाली; तशी सोय व्यवस्थापकाला का नसावी, असा तो विचार होता.

तिमाही चालींची रीत मात्र त्याहून जुनी आहे. अमेरिकन मॅनेजमेंट असोसिएशनने १९५७ मध्ये लोकांपुढे आणलेल्या व्यवस्थापन-खेळात अधिकाऱ्यांचे गट परस्परांशी स्पर्धा करीत निर्णय देत आणि आयबीएम ६५० हा संगणक त्यांचे निकाल काढी. लष्करी युद्धखेळांची पद्धत व्यापाराला लावण्याचा तो प्रयत्न होता.

स्टर्मन यांच्या खेळातला खेळाडू १९८१ मध्ये तीन विमानांनिशी उभा असतो. किती विमाने घ्यायची, किती माणसे नेमायची, भाडे किती ठेवायचे, जाहिरातीवर किती खर्च करायचा आणि सेवेचा आवाका किती ठेवायचा, एवढेच निर्णय त्याला दर तिमाहीला घ्यायचे असतात. वरवर पाहता यात कठीण काहीच नाही. भाडे कमी ठेवले की प्रवासी येतात, प्रवासी आले की नफा होतो आणि नफ्यातून विमाने येतात. मेख आहे ती नोकरभरतीत. नव्या माणसाला काम शिकायला वेळ लागतो आणि त्याला शिकवायला जुन्या माणसाचाच वेळ खर्च होतो. ताफा दरवर्षी दुप्पट होत असेल तर नवख्यांचे प्रमाण सतत वाढत राहते, जुन्यांवर कामाचा ताण पडतो, त्यांतले काही सोडून जातात आणि सेवेचा दर्जा हळूहळू उतरतो. प्रवाशांच्या मनातले कंपनीचे नाव मात्र लगेच खराब होत नाही. ते घसरू लागते तोवर पुढच्या विमानांच्या मागण्या नोंदवून झालेल्या असतात. मग एकाच वेळी आसने वाढतात आणि प्रवासी घटतात. विमानाचा खर्च तर आसने भरोत वा न भरोत, जवळपास सारखाच येतो, त्यामुळे काल भरभराटीत असलेली कंपनी काही तिमाहींतच रसातळाला जाते. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे सर्वांनाच ठाऊक असते; इथे अडचण अशी की अंथरूण किती उरले आहे हे खेळाडूला वर्षभर उशिरा कळते.

या खेळामुळे आरक्षणप्रणालीचे कारण खोटे ठरत नाही. तो एवढेच दाखवतो की प्रतिस्पर्ध्याने तसे काही केले नसते तरी त्या वेगाने वाढणारी कंपनी अडखळली असती. माझ्या मते छोट्या कंपनीच्या खेळांना गांभीर्य आले ते इथे, कारण प्रतिस्पर्धी आणि स्वतःची वाढ यांपैकी अधिक घातक कोण, हा प्रश्न पहिल्यांदा खेळता येईल अशा रूपात मांडला गेला. बाजारात विकल्या गेलेल्या बऱ्याच खेळांनी मात्र हा धागा उचलला नाही. त्यांत कर्मचारी म्हणजे पगाराचा एक आकडा असतो आणि पैसे असले की ताफा हवा तेवढा वाढवता येतो.

घरगुती संगणक आणि गेम कन्सोल यांवर हा विषय १९९० च्या दशकाच्या आरंभी आला. १९९२ मध्ये इम्प्रेशन्स या कंपनीचा ‘एअर बक्स’ निघाला आणि त्याच वर्षी जपानमध्ये कोएई कंपनीने ‘एअर मॅनेजमेंट’ आणला, जो जपानबाहेर ‘एअरोबिझ’ या नावाने ओळखला जातो. कोएईच्या खेळात चार कंपन्या जगभरच्या शहरांना जोडण्यासाठी झगडतात, एक चाल म्हणजे तीन महिने, आणि तेलाचे संकट किंवा राजकीय तणाव यांचे पडसाद प्रवासीसंख्येवर उमटतात. स्टर्मन यांच्या अमेरिकन खेळाहून यात एक मोठा फरक आहे. नव्या शहरात उडायचे असेल तर आधी तिथे प्रतिनिधी पाठवावा लागतो, तो वाटाघाटी करतो, त्यांत महिने जातात आणि मग उतरण्याचे स्लॉट, म्हणजे विमानतळावरच्या राखीव वेळा, मिळतात. प्रवेश मोकळा नाही, तो मागून घ्यावा लागतो.

हा नियम कुठून आला हे पाहण्यासाठी आंतरराष्ट्रीय विमानवाहतूक कशी चालत असे ते पाहावे लागते. १९४४ च्या शिकागो परिषदेत हवाई व्यापाराचे सर्वांना लागू होणारे मुक्त नियम ठरू शकले नाहीत, म्हणून दोन देशांनी आपसांत करार करून मार्ग व उड्डाणे वाटून घ्यावीत ही पद्धत रुळली; अमेरिका व ब्रिटन यांचा १९४६ चा बर्म्युडा करार त्याचा नमुना ठरला. जपानमध्ये तर देशांतर्गत बाजारही वाटलेला होता. १९७० व १९७२ मधील सरकारी निर्णयांनी आंतरराष्ट्रीय सेवा जपान एअरलाइन्सकडे आणि देशांतर्गत मार्गांचे मोठे काम ऑल निप्पॉन एअरवेजकडे सोपवले होते. ही वाटणी १९८५-८६ मध्ये संपली, ऑल निप्पॉनने मार्च १९८६ मध्ये ग्वामला पहिली नियमित आंतरराष्ट्रीय सेवा सुरू केली आणि १९८७ मध्ये जपान एअरलाइन्सचे पूर्ण खासगीकरण झाले. ‘एअर मॅनेजमेंट’ त्यानंतर पाचच वर्षांनी बाजारात आला. त्यातील ताटकळणारा प्रतिनिधी या परवाना-युगाचा वारस वाटतो, आणि खेळ म्हणून पाहिले तरी ही कल्पना फार उपयुक्त ठरली, कारण तिच्यामुळे छोट्या कंपनीला नुसता पैसा ओतून आडवे करता येत नाही.

१९९८ मध्ये जर्मनीत तयार झालेल्या ‘एअरलाइन टायकून’ने विनोदाची वाट धरली. त्यात व्यवस्थापक विमानतळावर इकडून तिकडे धावतो आणि प्रतिस्पर्ध्यांच्या कामात घातपातही करतो.

खरा बदल झाला तो २००० नंतर, जेव्हा इंटरनेट ब्राउझरमधील खेळांत संगणकाऐवजी माणसेच एकमेकांची प्रतिस्पर्धी झाली. जर्मनीतील ‘एअरलाइनसिम’ किंवा वेगवेगळे ऐतिहासिक कालखंड खेळू देणारा ‘एअरवेसिम’ यांत नवा खेळाडू येतो तेव्हा मोठ्या विमानतळांवरचे सोयीचे स्लॉट कधीच गेलेले असतात. वारंवारतेचे गणितही त्याच्या विरुद्ध असते. एखाद्या मार्गावर ज्याची उड्डाणे अधिक, त्याला प्रवाशांचा वाटा त्या प्रमाणाहूनही अधिक मिळतो, हे विमानव्यवसायात फार पूर्वीपासून नोंदले गेले आहे, कारण प्रवासी आपल्या वेळेला जवळचे उड्डाण निवडतो. दिवसाला सहा फेऱ्या करणाऱ्यासमोर एक फेरी घेऊन उभे राहणारा स्वस्त भाड्यातही अर्धे विमान रिकामे नेतो. म्हणून अशा खेळांत मुरलेले लोक मोठ्याच्या हबला, म्हणजे त्याच्या मुख्य विमानतळाला, हात न लावता दुय्यम शहरांमधला, कोणी न धरलेला मार्ग शोधतात, आणि साउथवेस्टप्रमाणे एकाच जातीच्या विमानांवर भर देऊन देखभालीचा व प्रशिक्षणाचा खर्च आवरतात.

‘एअरलाइनसिम’मध्ये प्रवासी वाटून देण्याचे काम एक कल्पित आरक्षणप्रणाली करते. ती भाडे, प्रवासाचा वेळ, आसनांचा दर्जा अशा गोष्टींवरून प्रत्येक उड्डाणाला गुण देते आणि त्या क्रमाने आसने भरत जातात. खऱ्या जगात अशा यादीत वर कोण दिसणार यावरून मोठी भांडणे झाली होती. सेबर आणि युनायटेड एअरलाइन्सची अपोलो या प्रणाली ट्रॅव्हल एजंटांच्या पडद्यावर मालक कंपन्यांची उड्डाणे आधी दाखवत, आणि अखेर १९८४ मध्ये, स्वतः गुंडाळले जाण्याच्या काही महिने आधी, सीएबीने या पक्षपातावर बंदी घातली. खेळातली यादी मात्र कोणत्याही खेळाडूच्या मालकीची नसते, आणि तीन विमानांच्या कंपनीचे उड्डाणही तिच्या गुणांप्रमाणे पहिल्या ओळीत दिसू शकते.